हिमायतनगरचा उभा पियानो

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा सुरू झाला की घराची दारे फुगतात, कपाटांचे खण अडकतात आणि आपण त्याचे नवल मानत नाही. चार दिवस उघाड पडली की दार पुन्हा सुरळीत लागेल, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याच पावसात, त्याच घरातला एखादा जुना पियानो अडखळू लागला, की मात्र आपण त्याच्या अखेरीची भाषा बोलू लागतो. आज मला बोलावयाचे आहे ते या घाईविषयी. दाबलेली पट्टी वर न येणे हे जुन्या उभ्या पियानोच्या बाबतीत बहुधा मरणाचे लक्षण नसते. ते वाद्य कसे घडले आणि कोणत्या हवेतून कोणत्या हवेत आले, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला दोष कोठे शोधावा हेही पुष्कळसे कळते. ज्याला तो ठाऊक नाही, तो कानस हाती घेतो आणि चांगले वाद्य कायमचे बिघडवून ठेवतो.

गेल्या श्रावणात हैदराबादच्या हिमायतनगर भागातील एका मराठी कुटुंबाकडून मला बोलावणे आले. घर जुने, बैठे, पुढे लहानसा व्हरांडा असलेले. ते लवकरच पाडून तेथे उंच इमारत उभी राहावयाची होती आणि सामानाची आवराआवर चालली होती. बैठकीच्या भिंतीशी सागवानी पेटाऱ्याचा एक उभा पियानो होता. त्याच्या बारा पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. घरातील आजी म्हणाल्या, "अहो, तीन पिढ्यांचे हात फिरले आहेत यावरून. कारागीर सांगून गेला, आतले सगळे यंत्र सडले, ते बदलायचे नसेल तर लाकडाच्या भावाने देऊन टाका. आठ दिवसांनी गिऱ्हाईक येणार आहे. तुम्ही एकदा बघा, आणि असेल ते खरे सांगा."

मी पाहिले. परंतु काय पाहिले हे सांगण्यापूर्वी या वाद्याची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण त्या बारा पट्ट्यांचे निदान त्या कथेतच दडलेले आहे.

पेटी आपल्या परिचयाची आहे. पेटीची पट्टी दाबली की एक झडप उघडते, भात्यातील हवा धातूच्या पातीवरून वाहते आणि स्वर उमटतो. पट्टी आणि स्वर यांच्यामध्ये फारसे काही नसते. पियानोची गोष्ट निराळी. तेथे पट्टी ही एक लांब तरफ असते. बोटाखाली ती सुमारे एक सेंटिमीटर दबली की तिचे मागचे टोक वर उठते, ते दुसऱ्या एका तरफेला उचलते आणि या दुसऱ्या तरफेवर उभा असलेला लहानसा खटका नमद्याने मढवलेल्या हातोडीला तारेकडे लोटतो. हातोडी तारेपासून दोन-तीन मिलिमीटरांवर आली की हा खटका आपोआप बाजूला सरकतो. उरलेले अंतर हातोडी केवळ आपल्या वेगाने तोडते, तारेवर आदळते आणि परतते. खटका सरकला नाही, तर हातोडी तारेला चिकटून राहील आणि नाद गुदमरेल. ही सुटकेची युक्ती हाच पियानोचा प्राण आहे. ती फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या सेवेत असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने शोधली. त्या घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादीत तिचा उल्लेख सापडतो आणि क्रिस्तोफोरीने १७२०, १७२२ व १७२६ या साली बनविलेले तीन पियानो अद्याप शिल्लक आहेत.

क्रिस्तोफोरीचे वाद्य आडवे होते. आडव्या पियानोत हातोडी खालून वर जाते आणि आपल्याच वजनाने खाली येते. परंतु आडवा पियानो ठेवण्यास दिवाणखाना हवा. मध्यम स्थितीच्या घरात मावेल असे वाद्य करावयाचे, तर तारा उभ्या करणे भाग होते. १८०० सालाच्या सुमारास फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्स आणि व्हिएन्नात माथिआस म्युलर या दोघांनी तसे प्रयत्न केले. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने १८११ पासून लहान उभे पियानो बनवावयास घेतले. येथे एक अडचण उभी राहिली. तारा उभ्या झाल्या म्हणजे हातोडी पुढे जाते आणि मागे येते. वर जात नाही, की खाली पडत नाही. तिला परत आणण्यास पृथ्वीचे आकर्षण पुरेसे पडत नाही. म्हणून वॉर्नमने हातोडीला एक कापडी फीत बांधून तिचे दुसरे टोक खालच्या तरफेला अडकवले. तरफ खाली येताना ती हातोडीला मागे ओढते. या रचनेचे पेटंट त्याने १८४२ साली घेतले. आजही उभ्या पियानोचे झाकण काढले तर प्रत्येक हातोडीमागे ही फीत दिसते. फितीखेरीज बारीक तारेच्या कमानीही हातोडीला मागे रेटतात. तात्पर्य, जे काम आडव्या पियानोत वजन करते, ते उभ्यात फीत, कमान आणि मोकळा सांधा या तिघांच्या भरवशावर चालते. उभ्या पियानोची जी यांत्रिक दुखणी, ती बरीचशी या तीन ठिकाणी असतात.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १८२५ मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी सांगाड्याचे पेटंट घेतले. १८२६ मध्ये पॅरिसच्या जाँ-आंरी पाप याने हातोड्यांना कातड्याऐवजी लोकरीच्या नमद्याचे आवरण दिले. पहिल्या सुधारणेने वाद्याचा सांगाडा टणक झाला. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा कित्येक टनांचा ताण तो शतकभर पेलू शकतो. दुसरीने नाद मऊ झाला, परंतु वाद्याच्या पोटात कसरीचे अन्नही जाऊन बसले. म्हणजे जुन्या पियानोत जे अचल आहे ते लोखंडाचे, आणि जे हलते ते लाकूड, लोकर, कातडे आणि सरस यांचे. हवेचा पहिला परिणाम होतो तो या दुसऱ्या गोष्टींवर.

आता हे वाद्य आपल्याकडे कसे आले ते पाहू. कळपट्टीची युरोपीय वाद्ये अठराव्या शतकातच कलकत्त्यास उतरली होती. १७८९ मध्ये विल्यम हॅमिल्टन बर्ड याने हिंदुस्थानी चिजा अशा वाद्यावर वाजविण्याजोग्या करून तेथेच छापल्या होत्या. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येथील हवेने वाद्ये बिघडल्याच्या तक्रारीही आढळतात. मुंबईत १८६५ मध्ये फुर्तादो यांचे दुकान निघाले आणि पश्चिम किनाऱ्यावरील गोमंतकीय, पारशी व ख्रिस्ती कुटुंबांत पियानो हळूहळू रुळला. हैदराबादेत वाट निराळी होती. १७९८ च्या तहाने कंपनीची फौज निजामाच्या राज्यात कायम राहिली आणि १८०६ पासून सिकंदराबादची छावणी त्या नावाने वाढू लागली. छावणी म्हणजे बंगले, देवळात ऑर्गन असावा तसा क्लबात पियानो, आणि मुलींच्या शाळांतून त्याचे शिक्षण. पलीकडे शहरात अमीर-उमरावांच्या देवड्या होत्या आणि युरोपीय सामानाची तेथे हौस होती.

स्वतः हिमायतनगर या नावालाही पियानोचा एक दूरचा धागा जोडलेला आहे. हे नाव सातव्या निजामांचे ज्येष्ठ पुत्र मीर हिमायत अली खान, अर्थात आझम जाह, यांच्यावरून पडले. त्यांचा विवाह १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे दुर्रुशेहवार यांच्याशी झाला. दुर्रुशेहवार या शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्या कन्या. हे खलिफा चित्रकार होते आणि पाश्चात्त्य संगीताचे भोक्ते होते. १९१५ च्या सुमारास त्यांनी काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात राजवाड्यातील स्त्रिया पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांवर बेटहोवेन वाजवीत आहेत आणि गणवेशातील चित्रकार स्वतः बसून ऐकत आहे. ज्या राजपुत्राच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते, त्याची वधू अशा घरातून आली होती.

पुढे काळ फिरला. १९४७ मध्ये इंग्रज गेले, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. बंगल्यांतील आणि देवड्यांतील सामान हातोहात विकले गेले. नोकरीनिमित्त मराठवाड्यातून येऊन राजधानीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची घरे याच काळात मुसीच्या उत्तरेकडील नव्या वस्त्यांतून नांदत होती. आजींच्या सासऱ्यांनी हा पियानो अशाच एका विक्रीत, बैलगाडीचे भाडे धरून, विकत घेतल्याचे त्या सांगतात.

पेटारा पाहताच एक गोष्ट ध्यानात आली. पांढऱ्या पट्ट्यांवरील आवरण केवळ सरसाने चिकटवलेले नव्हते. बारीक पितळी खिळ्यांनी ते जखडलेले होते. उष्ण देशांसाठी म्हणून युरोपातील कारखाने जे पियानो मुद्दाम बनवीत, त्यांची ही खूण होय. सरस ओलाव्याने सुटतो आणि अति कोरडेपणाने तडकतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. म्हणून सांध्यांना स्क्रू, आवरणांना खिळे आणि पेटाऱ्याला भरीव सागवान. परंतु त्यांच्या सावधगिरीलाही मर्यादा होती. लाकूड रेषांच्या दिशेने लांबीत जवळजवळ बदलत नाही. आडव्या रुंदीत मात्र ते हवेबरोबर फुगते आणि आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्के असता लाकडात सुमारे सहा टक्के पाणी राहते, ऐंशी टक्के असता सुमारे सोळा. दख्खनच्या पठारावरील हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसावर जातो आणि हवा करकरीत कोरडी होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीच हवा दमट होते. म्हणजे एकाच वर्षात हा प्रवास दोन्ही टोकांना होतो. पांढऱ्या पट्ट्यांमधील फट असते जेमतेम एक मिलिमीटरची. तेवढ्यात हा सगळा खेळ चालावयाचा.

आता निदानाकडे वळतो. पहिला नियम असा, की हात लावण्यापूर्वी विचारावे. कोणत्या पट्ट्या अडतात? केव्हापासून? पाऊस थांबला की सुधारतात का? आजींची नात रोज वाजवणारी. तिने सांगितले की उन्हाळ्यात दोनच पट्ट्या मंद होत्या, एक काळी पट्टी तिच्या आठवणीत कधीच नीट चालली नव्हती, आणि उरलेल्या पावसाबरोबर गेल्या. तिच्या या उत्तरातच अर्धे निदान झाले होते.

दुसरा नियम : दोष पट्टीत आहे की तिच्यामागच्या यंत्रात, हे आधी ठरवावे. त्यासाठी वरचे झाकण व पुढची तावदानाची फळी काढून हातोड्या उघड्या कराव्यात आणि एक एक पट्टी दाबून डोळ्यांनी पाहावे. पट्टी खालीच राहिली, पण हातोडी आपल्या जागी परतली, तर यंत्र निर्दोष आहे, दोष पट्टीत. पट्टी वर आली, पण हातोडी तारेपाशी रेंगाळली, तर तिचा सांधा आवळला आहे किंवा कमान थकली आहे. दोन्ही परतल्या, पण दुसऱ्यांदा दाबल्यावर हातोडी हललीच नाही, तर खटका आपल्या जागी परत आलेला नाही. त्याची कमान किंवा हातोडीची फीत पाहावी. हातोडी नीट चालली, पण नाद थांबेना, तर नाद दाबणारी नमद्याची गादी अडकली आहे. आणि दोन हातोड्या एकदमच हलल्या, तर त्यांच्या सांध्याचा स्क्रू उन्हाळ्यात सैल होऊन त्या एकमेकींना घासत आहेत. एवढ्या पाच ओळी पाठ असल्या, तरी पुष्कळ वाद्ये वाचतील.

नातीने विजेरी धरली आणि आम्ही बारा पट्ट्या तपासल्या. पाच पट्ट्या मध्यसप्तकातील, एकमेकींना लागून. त्यांच्या हातोड्या परतत होत्या. पट्ट्यांच्या तोंडाशी जी लांब फळी असते, ती ओलाव्याने आत वाकून त्यांच्या टोकांना घासत होती. तिचे स्क्रू सोडून मागे पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालताच पाचही पट्ट्या सुटल्या. पुढच्या तीन पट्ट्यांना बाजूला हलवून पाहिले. पट्टी आपल्या खिळ्यावर किंचित, अगदी केसभर, डावी-उजवीकडे हलली पाहिजे. या हलत नव्हत्या. पट्टीच्या पोटातील भोकाला आतून जे लोकरी कापड लावलेले असते, ते फुगून पितळी खिळ्याला आवळत होते. रुंद जबड्याच्या चिमट्याने ते कापड हलकेच दाबले, खिळा कोरड्या फडक्याने पुसला, आणि त्या तिन्ही चालू झाल्या.

नववी ती जन्माची मुकी काळी पट्टी. ती उचलून बाहेर काढली तर खालच्या फटीत उस्मानिया सिक्क्यातील एक लहानसे नाणे रुतून बसले होते. हैदराबादचे हे चलन भारतीय रुपयाबरोबर १९५९ पर्यंत चालत होते. म्हणजे निदान साठ-पासष्ट वर्षे त्या एका नाण्याने एक स्वर अडवून धरला होता, आणि प्रत्येक कारागिराने त्या स्वराला मेलेला म्हटले होते.

उरल्या तीन. त्यांतील दोन म्हणजे उन्हाळ्यातही मंद चालणाऱ्या. ऋतूशी संबंध नाही म्हणजे दोष ओलाव्याचा नव्हे, हे आधीच कळले होते. हातोडीचा सांधा म्हणजे लाकडाच्या दोन तुकड्यांमधून जाणारी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पितळी पिन आणि तिच्याभोवती लोकरी कापडाचे अस्तर. पूर्वी कधी कोणी त्या पिनांना चरबीयुक्त वंगण लावले असावे. पितळ आणि चरबी यांच्या संयोगाने तेथे हिरवा थर धरला होता. अशा ठिकाणी आणखी तेल सोडणे हा सर्वांत मोठा अपराध. तेलाने चार दिवस सुख वाटते, मग ते कापडात मुरून धूळ धरते आणि सांधा पूर्वीपेक्षा घट्ट होतो. पिन काढून नवी घालणे हाच उपाय. बाराव्या पट्टीची फीत कुजून तुटली होती आणि खटक्याची कमान निसटली होती. दोन्ही पुन्हा बसवल्या. बाकीच्या फितीही जीर्ण झाल्या आहेत. त्या सवडीने सगळ्याच बदलाव्यात, असे मी सांगितले.

हिशेब पाहा. बारांपैकी नऊ दोष यंत्रात नव्हतेच. जे यंत्र बदलावयाचे म्हणून सांगितले गेले, त्यात केवळ तीन ठिकाणी काम होते. तारांचा सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरला होता. तो एकदम चढवू नये, दोन-तीन बैठकांत हळूहळू आणावा. खरी भीती असते ती सांगाड्याला तडा जाण्याची, किंवा तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या लाकडात सैल पडण्याची. ते असते, तर मीही आजींना तसे स्पष्ट सांगितले असते. खुंट्या घट्ट होत्या आणि सांगाडा धड होता.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावयाचे ठरवले, ती सांगतो. पहिल्या कारागिराने मागे एका पावसाळ्यात वरच्या सप्तकातील चार पट्ट्यांच्या कडा कानशीने घासल्या होत्या. पावसात त्या छान चालतात. उन्हाळ्यात लाकूड आकसले, की त्या खुळखुळतात आणि बोटाखाली तिरप्या होतात. लाकडाचा कण एकदा गेला तो गेला. ऋतू पालटला तरी तो परत येत नाही. म्हणून पावसाळ्यात दिसणाऱ्या दोषासाठी लाकूड कधी कमी करू नये. दाबावे, सरकवावे, पुसावे, वाळवावे. परंतु तासू नये. दसऱ्यापर्यंत वाट पाहावी आणि मग जे उरेल तेवढेच दोष मानावेत.

वाद्य जपण्याचे उपायही साधे आहेत. ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. हातभर जागा सोडावी. पावसाळ्यात पेटाऱ्याच्या तळभागात लहान शक्तीचा विजेचा दिवा, लाकडापासून व नमद्यापासून दूर, लावून ठेवण्याची जुनी रीत आहे आणि ती उपयोगाची आहे. मात्र पावसाबरोबर तो दिवाही बंद झाला पाहिजे. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्याचा किंवा कूलरचा ओला झोत वाद्यावर येऊ देऊ नये. कसरीसाठी कडुनिंबाची वाळलेली पाने तळाशी ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते वाजत राहावे. पडून असलेल्या वाद्याचे सांधे लवकर धरतात, आणि अंधाऱ्या, न हललेल्या नमद्यातच कसर घर करते.

मी निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बाहेर रिमझिम चालू होती. नातीने ती काळी पट्टी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. जन्मात प्रथमच तिने त्या वाद्यावर तो स्वर ऐकला होता. आजींनी नाणे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे आमच्या धाकट्या दिरांचे काम. लहानपणी पियानोत पैसे टाकले की गाणे वाजते, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते." दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नको असा निरोप गेला. घर आता पडले आहे. पियानो त्याच गल्लीत, भाड्याच्या घरात, आतल्या भिंतीपासून हातभर पुढे उभा आहे.